दार क्रमांक २५५६५

माइनक्राफ्ट या ठोकळ्यांच्या खेळाचा सर्व्हर सेकंदाला २० वेळा आपल्या जगाचा हिशेब करतो. कोण कुठे उभं आहे, कुणी कोणता ठोकळा फोडला, पाणी कुठवर पसरलं, गहू किती वाढला, भट्टीतलं लोखंड वितळलं का, हे सगळं ५० मिलिसेकंदांत उरकावं लागतं. उरकलं नाही, तर पुढचा हिशेब लांबतो आणि खेळणाऱ्याला नुकताच फोडलेला दगड पुन्हा जागेवर आलेला दिसतो. पुण्याच्या कसबा पेठेतल्या एका जुन्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावरच्या छोट्या खोलीत हा हिशेब रात्रंदिवस चालू असतो. टेबलाखाली एक साधा पीसी, त्याच्या बाजूला यूपीएस, भिंतीवर राउटर, एवढीच यंत्रसामग्री. सर्व्हर चालवणारा तरुण दिवसा याच टेबलावर बसून एका सॉफ्टवेअर कंपनीचं सपोर्टचं काम करतो. खेळायला येणारी मुलं त्याला अ‍ॅडमिनदादा म्हणतात. या लेखातही त्याचं तेच नाव राहील.

सुरुवात २०२० च्या टाळेबंदीतली. ऑफिस घरी आलं, शाळा मोबाइलवर आली, इमारतीतली मुलं जिन्यातसुद्धा भेटेनाशी झाली. त्या वर्षी २ सप्टेंबरला केंद्र सरकारने ११८ अ‍ॅपवर बंदी घातली. त्यात पबजी मोबाइल हा खेळ होता. अ‍ॅडमिनदादाच्या भाच्याचा आणि त्याच्या मित्रांचा रोज संध्याकाळी जमायचा अड्डाच गेला. "मामा, आता आम्ही भेटायचं कुठे?" असं भाच्याने फोनवर विचारलं आणि त्या आठवड्यात हा सर्व्हर सुरू झाला. पुढे पबजीची भारतीय आवृत्ती जुलै २०२१ मध्ये आली, जुलै २०२२ मध्ये अ‍ॅप स्टोअरवरून काढली गेली, मे २०२३ मध्ये परतली. टेबलाखालचं जग मात्र या काळात कुणाच्या आदेशाने बंद पडलं नाही. घरच्या सर्व्हरच्या बाजूने अ‍ॅडमिनदादाचं जे म्हणणं आहे, ते या अनुभवातून आलं आहे. मुलं जिथे जमतात ती जागा ओळखीच्या माणसाच्या हातात असावी, आणि ज्याच्या हातात ती आहे त्याने ती जबाबदारीने चालवावी.

अनेकांनी मिळून एका जगात खेळायचं, ही कल्पना इंटरनेट घरोघरी येण्याच्या आधीची. १९७८ साली इंग्लंडमधल्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ या विद्यार्थ्याने 'मड' नावाचा खेळ लिहायला घेतला आणि रिचर्ड बार्टलने तो पुढे नेला. त्यात चित्र नव्हतं, आवाज नव्हता. सगळं जग शब्दांत लिहिलेलं. तरी एकाच वेळी आत असलेल्या दुसऱ्या माणसाशी बोलता येत होतं, आणि लोक त्यासाठी जागत होते. पुण्यातल्या एका पिढीने हा अनुभव घेतला तो सायबर कॅफेत. शाळा सुटल्यावर मुलं तासाचे पैसे गोळा करायची, एका पीसीवर 'काउंटर-स्ट्राइक'चा सर्व्हर सुरू व्हायचा आणि बाकीचे त्याला जोडले जायचे. ज्याच्या मशीनवर सर्व्हर, त्याच्याकडेच नकाशा निवडायचं आणि भांडण मिटवायचं काम आपोआप यायचं. अ‍ॅडमिनदादाने ते काम शाळेत असतानाच केलं होतं. आता भांडणारी मुलं समोरच्या खुर्चीत नसतात, एवढाच फरक.

माइनक्राफ्टचा सर्व्हर कुणालाही फुकट उतरवून घेता येतो. सुरू केला की तो २५५६५ क्रमांकाच्या पोर्टवर, म्हणजे संगणकाच्या त्या क्रमांकाच्या दारात, येणाऱ्यांची वाट पाहतो. या दारावर आलेल्याला आतल्या पीसीकडे पाठव, असं राउटरला सांगितलं की काम झालं. पुस्तकी कृती इथे संपते आणि भारतातल्या घरगुती जोडणीची अडचण सुरू होते. आयपीव्ही४ या जुन्या पद्धतीत पत्ते साधारण ४३० कोटीच आहेत, आणि आशिया-पॅसिफिक विभागाच्या वाट्याचा साठा एप्रिल २०११ मध्येच शेवटच्या गठ्ठ्यावर आला होता. त्यामुळे इंटरनेट पुरवणारे अनेक घरांना मिळून एकच सार्वजनिक पत्ता वापरायला देतात. राउटरच्या पानावर १००.६४ ते १००.१२७ या टप्प्यात सुरू होणारा पत्ता दिसला, की समजायचं: आपल्याला बाहेर जाता येईल, बाहेरच्याला आत येता येणार नाही. दार उघडं ठेवून उपयोग नसतो, कारण रस्ताच त्या दारापर्यंत पोचत नाही.

यावर तीन उपाय आहेत. दरमहा जास्तीचे पैसे भरून स्थिर आयपी घ्यायचा. आयपीव्ही६ वापरायचं, पण मग प्रत्येक खेळणाऱ्याकडे ते चालू असायला हवं. किंवा मुंबईतल्या एखाद्या डेटा सेंटरमध्ये छोटा आभासी सर्व्हर भाड्याने घेऊन तिथून घरापर्यंत वायरगार्ड या सॉफ्टवेअरने बोगदा, म्हणजे खासगी जोडणी, टाकायची. अ‍ॅडमिनदादाने तिसरा उपाय धरला. खेळणारी मुलं मुंबईच्या पत्त्यावर येतात, तिथून बोगद्यातून कसब्यात पोचतात. घराचा खरा पत्ता कुणालाच दिसत नाही. या शेवटच्या गोष्टीचं महत्त्व पुढे येईल.

मुंबईचा फेरा पडल्याने खेळ मंदावत नाही का, असं पालक विचारतात. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. पुणे-मुंबई अंतर दीडशे किलोमीटर धरलं, तर जाऊन-येऊन दीड मिलिसेकंद लागतो. वाटेतली उपकरणं धरली तरी थोडेच मिलिसेकंद वाढतात. शिवाय शेजारच्या गल्लीतल्या मुलाकडे दुसऱ्या कंपनीचं इंटरनेट असेल, तर त्याचं पॅकेट, म्हणजे माहितीचा तुकडा, तसंही अनेकदा मुंबईला जाऊनच कसब्यात येतं. खरी अडचण सिंगापूरची होती. मुंबईत मोठे क्लाउड आणि खेळांचे सर्व्हर येण्याआधी भारतातले खेळाडू तिथल्या सर्व्हरवर खेळत. अंतर जवळपास चार हजार किलोमीटर, म्हणजे प्रकाशालाच जाऊन-येऊन ४० मिलिसेकंद हवेत. गोळीबाराच्या खेळात एवढ्यात समोरचा भिंतीआड गेलेला असतो.

वीज हा वेगळा विषय. पुण्यात देखभालीची कामं गुरुवारी निघतात, त्यामुळे गुरुवार सकाळ यूपीएसची परीक्षा घेते. पीसी आणि राउटर दोन्ही यूपीएसवर ठेवूनही सर्व्हर बाहेरच्या जगापासून तुटायचा. शोध घेतल्यावर कळलं, की इमारतीच्या जिन्यात केबलवाल्याची जी पेटी आहे, तिला वीज जिन्याच्याच जोडणीवरून मिळते. घरातली बॅटरी भरलेली असून काय उपयोग, पेटीच बंद! सोसायटीच्या बैठकीत हा विषय काढल्यावर खालच्या मजल्यावरचे काका म्हणाले, "अरे, मग त्या पेटीलाच बॅटरी लाव की. आमची सीरियल पण तुटणार नाही." वर्गणी जमली आणि पेटीला छोटी बॅटरी लागली. अख्ख्या इमारतीचं इंटरनेट आता गुरुवारीही चालू राहतं.

गणेशोत्सवाचे दहा दिवस या सर्व्हरचं वेळापत्रकच बदलतात. कसबा गणपती मानाचा पहिला. त्याच्या आसपासच्या गल्ल्यांत घरोघरी कुणी ना कुणी मंडळात किंवा ढोल पथकात असतंच. संध्याकाळी सर्व्हरवर शुकशुकाट असतो. उंच देखाव्यांसाठी आडव्या केबल वर घ्याव्या लागतात, एखादी तुटतेही. म्हणून मोठी दुरुस्ती, नवी आवृत्ती, डिस्क बदलणं ही कामं अ‍ॅडमिनदादा याच दिवसांसाठी राखून ठेवतो. अनंत चतुर्दशी उलटली की मुलं परत येतात आणि सगळं जग नव्या आवृत्तीवर गेलेलं असतं.

यंत्राच्या बाबतीत त्याला कळलेली गोष्ट नवख्यांना चकवते. या सर्व्हरचा मुख्य हिशेब बराचसा एकाच धाग्यावर चालतो, म्हणजे प्रोसेसरचा एकच गाभा त्याचा भार वाहतो. सोळा गाभ्यांचं महागडं मशीन घेतलं आणि प्रत्येक गाभा मंद असला, तर पैसे वाया जातात. एक गाभा जलद हवा, डिस्क एसएसडी हवी, आणि एप्रिल-मे महिन्यांत खोलीत हवा खेळती हवी. मशीन तापलं की प्रोसेसर स्वतःच वेग कमी करतो. भार वाढवतात ते बहुधा खेळाडू नसतात, प्राणी असतात. एखादा मुलगा कोंबड्यांचा असा काही कारखाना उभारतो, की हजारो कोंबड्या एका चौकोनात दाटतात आणि प्रत्येकीची हालचाल सर्व्हरला सेकंदाला २० वेळा मोजावी लागते. अशा वेळी अ‍ॅडमिनदादा कोंबड्या परस्पर उडवत नाही. त्या मुलाला मोजणीचा आलेख दाखवतो आणि कारखाना हलका कसा करायचा हे त्यालाच शोधायला लावतो. आठवीतल्या मुलाला संगणकाची मर्यादा याहून चांगली कशी शिकवता येईल?

घरात अजून माणसं राहतात, हे घरच्या सर्व्हरला विसरता येत नाही. आईने लग्नाचे फोटो क्लाउडवर चढवायला घेतले, की सगळ्या खेळाडूंचा पिंग, म्हणजे पॅकेटला जाऊन-यायला लागणारा वेळ, एकदम चढायचा. राउटरच्या रांगेत फोटोंची पॅकेट अडकून राहायची आणि खेळाची छोटी पॅकेट त्यांच्यामागे ताटकळायची. याला बफरब्लोट म्हणतात. वेग वाढवून घेतला तरी ते जात नाही. राउटरमध्ये रांगेची व्यवस्था नीट लावावी लागते. ओपनडब्ल्यूआरटी ही मुक्त प्रणाली असलेल्या राउटरवर ती सोय मिळते. ती लावल्यावर आईचे फोटोही चढतात आणि मुलांचा खेळही अडत नाही. ऑफिसचा लॅपटॉप मात्र त्याने पहिल्यापासून वेगळ्या नेटवर्कवर ठेवला आहे. ज्या दारातून अनोळखी पॅकेट आत येतात, त्या दाराचा आणि नोकरीच्या कामाचा संबंध येता कामा नये, हा त्याचा नियम आहे.

आता त्या लपवलेल्या पत्त्याविषयी. २०१६ साली मिराय नावाच्या बॉटनेटने इंटरनेट हादरवलं. घरोघरचे कॅमेरे आणि राउटर कारखान्यातून आलेल्या पासवर्डसह तसेच चालू होते. मिरायने ते ताब्यात घेतले आणि एकाच वेळी एका पत्त्यावर सोडले. ते लिहिणाऱ्या पारस झा आणि त्याच्या दोन साथीदारांनी डिसेंबर २०१७ मध्ये अमेरिकेच्या न्यायालयात गुन्हा कबूल केला. त्यामागची सुरुवात वाचून अ‍ॅडमिनदादा अस्वस्थ झाला. ही मंडळी माइनक्राफ्टच्या सर्व्हरच्या धंद्यातूनच तिथे पोचली होती. प्रतिस्पर्ध्याचा सर्व्हर पाडायचा, म्हणजे त्याची गिऱ्हाइकं आपल्याकडे येतात. सप्टेंबर २०१६ मध्ये फ्रान्सच्या ओव्हीएच कंपनीवर मोठा हल्ला झाला, तेव्हाही रोख तिथल्या माइनक्राफ्ट सर्व्हरवर होता. मुलांचा खेळ म्हणून ज्याकडे कुणी गांभीर्याने पाहत नाही, त्यातून एवढं मोठं हत्यार तयार झालं. घरचा आयपी उघड ठेवला आणि एखादा चिडलेला पोरगा पैसे टाकून असा हल्ला विकत घेऊ लागला, तर सर्व्हरच्या आधी आईचं, ऑफिसचं आणि शेजारच्या घरांचं इंटरनेट बसेल. म्हणून मुंबईचा फेरा.

दुसरा धक्का डिसेंबर २०२१ चा. लॉगफोरजे या जावा लायब्ररीतली त्रुटी ९ डिसेंबरला जगजाहीर झाली. जगभरच्या बँका, सरकारं, कंपन्या त्या लायब्ररीवर चालत होत्या, पण त्रुटी उघड्यावर वापरली गेल्याचं सुरुवातीला दिसलं ते माइनक्राफ्टमध्ये. खेळातल्या गप्पांच्या चौकटीत एक विशिष्ट ओळ टाइप केली, की सर्व्हर ती लॉगमध्ये लिहिताना बाहेरून कोड ओढून चालवायचा. दुसऱ्याच दिवशी खेळाची १.१८.१ ही दुरुस्त आवृत्ती आली. अ‍ॅडमिनदादाने बातमी वाचताच सर्व्हर बंद केला, दुरुस्ती बसवली, लॉग चाळले आणि मगच दार उघडलं. मुलांच्या घरच्या गटावर त्याने कारणही लिहून टाकलं. आवृत्ती ताजी ठेवणं हा कंटाळवाणा भाग आहे. घरचा सर्व्हर त्यावरच टिकतो.

हे सगळं यंत्राचं झालं. फोन येतात ते मात्र माणसांचे.

"अहो, तुमच्या त्या सर्व्हरवर माझ्या मुलाचं घर कुणीतरी जाळलंय म्हणे. दोन दिवस नीट जेवत नाहीये," असा एका आईचा फोन आला. अशा वेळी कोअरप्रोटेक्टसारखं प्लगिन कामी येतं. कोणता ठोकळा कुणी, किती वाजता फोडला, कुणी पेटवला, याची नोंद ते ठेवतं आणि तेवढाच भाग मागे नेऊन पूर्ववत करतं. जाळणारा कोण ते मिनिटभरात कळलं: त्याच वर्गातला, जवळचाच मित्र. घर परत उभं करायला एक आज्ञा पुरेशी होती. अ‍ॅडमिनदादाने ती लगेच दिली नाही. दोघांना आवाजी चॅनलवर बोलावलं आणि नोंद समोर ठेवली. "दादा, त्याने आधी माझी बोट बुडवली होती," असं जाळणाऱ्याने सांगितलं. बोटीचीही नोंद निघाली. शेवटी दोघांनी मिळून घर हाताने बांधायचं ठरलं आणि अ‍ॅडमिनदादाने फक्त पेटीतल्या वस्तू परत दिल्या.

त्याचे नियम थोडे आहेत आणि ते मराठीत लिहिलेले आहेत. यादीत नाव असलेल्यालाच प्रवेश. नाव घालण्याआधी घरच्या मोठ्या माणसाशी एकदा बोलणं. मुलाचं खरं नाव, शाळा, फोटो सर्व्हरवर लिहायचं नाही. शाळेच्या दिवशी रात्री १० वाजता मुलांसाठी दार बंद. भारताचा २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा १८ वर्षांखालच्या प्रत्येकाला मूल मानतो आणि त्याची माहिती हाताळायला पालकांची संमती मागतो. अ‍ॅडमिनदादाचा उपाय साधा आहे: माहिती गोळाच करायची नाही. सगळ्यात कठीण निर्णय खरेदीचा होता. अनेक मुलांकडे खेळाची अधिकृत प्रत नव्हती. सर्व्हरमधली ओळख तपासणारी सोय बंद केली, तर तीही आत येऊ शकली असती. पण मग कुणीही कुणाचंही नाव घेऊन आत येतो आणि आळ दुसऱ्यावर जातो. त्याने ती सोय चालूच ठेवली. ज्यांना परवडत नव्हतं त्यांच्यासाठी इमारतीतल्या लोकांनी वाढदिवसाची भेट म्हणून प्रती घेतल्या.

पैशाचा प्रश्न मोठ्या सर्व्हरना बिघडवतो. पैसे भरणाऱ्याला जास्त ताकदीची तलवार विकायची चाल इतकी वाढली होती, की २०१४ साली माइनक्राफ्टच्या कर्त्यांनी सर्व्हरचालकांवर बंधनं घातली: खेळात वरचढ करणाऱ्या वस्तू पैशाने विकायच्या नाहीत. भारतात ऑगस्ट २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैसे लावून खेळायच्या खेळांवर बंदी आणली. ई-स्पोर्ट्स आणि सामाजिक खेळांना मोकळीक ठेवली. कसब्यातल्या सर्व्हरवर काहीच विकत मिळत नाही. ६० वॅट खाणारं मशीन महिनाभर चालू ठेवलं, तर साधारण ४३ युनिट वीज लागते. त्यात मुंबईच्या आभासी सर्व्हरचं भाडं. हा खर्च पालक वर्गणीने भागवतात आणि त्याचा जमाखर्च गटावर मांडला जातो. मंडळाच्या वर्गणीचा हिशेब जसा चौकात फळ्यावर लागतो, तसाच हा.

याच शहरात ऑनलाइन खेळांच्या धंद्याचं मोठं रूपही आहे. 'मास्कगन' आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये आलेला 'इंडस' हे अनेकांनी खेळायचे खेळ बनवणारी सुपरगेमिंग ही कंपनी पुण्याची. अशा सामन्यांच्या खेळांत सर्व्हर एका सामन्यापुरता उभा राहतो, निकाल लागला की मोकळा होतो. लाखो माणसं एकदम आली तरी नवे सर्व्हर उभे करणं हेच तिथलं कसब. घरच्या सर्व्हरचं काम याच्या उलट आहे. इथे माणसं मोजकी, पण आठवीत बांधलेला पूल मुलगा कॉलेजला गेल्यावरही जागेवर असावा लागतो.

म्हणून अ‍ॅडमिनदादाचं सगळ्यात काटेकोर काम रात्री होतं. आधी सर्व्हरला डिस्कवर लिहिणं थांबवायला सांगायचं, मेमरीतलं सगळं डिस्कवर उतरवायचं, मग प्रत काढायची, मग लिहिणं पुन्हा सुरू करायचं. चालू सर्व्हरची प्रत तशीच काढली, तर एखादी फाइल अर्धवट लिहिलेली येते आणि ते कळतं नेमकं गरज पडल्यावर. एक प्रत पीसीवर, एक वेगळ्या डिस्कवर, एक घराबाहेर. मधूनमधून जुनी प्रत दुसऱ्या मशीनवर उघडून पाहायची. न उघडलेली प्रत तो प्रत मानत नाही.

आपलं जग आपल्या हातात असण्याचं मोल जगभरच्या खेळाडूंना २०२४ साली कळलं. 'द क्रू' हा पैसे देऊन घेतलेला खेळ यूबिसॉफ्टने ३१ मार्चला सर्व्हर बंद करून संपवला. एकट्याने खेळणाऱ्यालाही तो उघडेना. त्यातून रॉस स्कॉट यांनी 'स्टॉप किलिंग गेम्स' ही मोहीम सुरू केली. खेळ बंद करताना तो कुठल्या ना कुठल्या रूपात खेळता येईल अशी सोय कंपनीने ठेवावी, ही तिची मागणी. युरोपीय संघातल्या तिच्या निवेदनावर जुलै २०२५ मध्ये १० लाखांहून अधिक सह्या झाल्या. मागणी रास्त आहे. माइनक्राफ्टसारख्या खेळात सर्व्हर लोकांच्या हाती दिलेला असल्याने हा प्रश्न तिथे इतक्या तीव्रतेने येत नाही, आणि खेळ घेताना हे पाहून घ्यायला हवं.

मुलं ऑनलाइन खेळतात त्या घरांना अ‍ॅडमिनदादाची विनंती अशी: किती वेळ खेळतोस याआधी, कुठल्या सर्व्हरवर खेळतोस आणि तो कोण चालवतं, हे विचारा. चालवणाऱ्या माणसाशी एकदा बोला. तो बोलायला तयार नसेल, किंवा मुलाकडे खरं नाव, फोटो नाहीतर पैसे मागत असेल, तर ती जागा सोडायला लावा. आणि आपल्या सोसायटीत, शाळेत, वाचनालयात असा एखादा सर्व्हर चालवायला कुणी तयार असेल, तर त्याला जुना पीसी आणि थोडी वर्गणी द्या. घरातला राउटर आणि कॅमेरा यांचा कारखान्यातून आलेला पासवर्ड मात्र आजच बदला.